श्वास सोडून धरा

"गळ्यातली शिट्टी काढा, आजी," मशीनवाल्या बाई म्हणाल्या.

"का? आणि आजी कुणाला म्हणता? मला नातू नाही."

"आत मोठं चुंबक आहे. लोखंडाचं काही असलं तर खेचून घेतं."

माझ्या मुलानं हात पुढे केला. मी शिट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती रुमालात गुंडाळली, खिशात खोल सरकवली आणि वरून खिसा थोपटला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवतात तसं ते ठेवणं होतं.

मी पोहायला शिकवते. शिकवायचे असं नाही, शिकवते. तलावावरची पोरं मला पाठीमागे सुसर म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. सुसरीला कुणी हाक मारून म्हणत नाही, की बाई गं, आता वय झालं, काठावर बस.

पण एका सकाळी काठावरच घोटाळा झाला. समोर नवी तुकडी कठड्याला धरून उभी, मला 'पाय मारा' म्हणायचंय, आणि शब्दच येईना. जीभ आहे, आवाज आहे, शब्द मात्र कुठे गेला कोण जाणे. उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबला. पोरांना वाटलं बाई गंमत करतात, ती खिदळायला लागली. थोड्या वेळानं शब्द आला, हात आला, आणि मी सगळ्यांना दमदाटी करून तलावाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या. आपल्याला काही झालेलंच नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. एका पोरीनं घरी सांगितलं, तिच्या आईनं माझ्या मुलाला सांगितलं, आणि माझी वरात थेट मेंदूच्या सर्जनसमोर.

सर्जन माणूस बरा होता, गोल गोल बोलणारा नव्हता. डोक्याच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी नळी जवळजवळ बुजली आहे, म्हणाला. उपाय दोन. एक म्हणजे टाळूच्या कातडीतली नळी उचलायची, कवटीला भोक पाडून आत घ्यायची आणि मेंदूवरच्या नळीला जोडायची. दुसरा म्हणजे गोळ्या घ्यायच्या आणि घरी बसायचं.

"आणि पाणी?"

"जोडणी नीट झाली, तर सहा महिन्यांनी बोलू. गोळ्यांवर राहिलात तर पाणी विसरायचं. पाण्यात हात लुळा पडला, तर कोण काढणार?"

"जोडा मग."

"असं नाही जोडता येत," तो म्हणाला. "डावी बाजू खरोखर उपाशी आहे आणि उजवी धडधाकट आहे, हे आधी दिसलं पाहिजे. दोन्ही सारख्याच निघाल्या तर रोग सगळीकडच्याच नळ्यांत आहे. मग डोकं उघडून फायदा नाही. मी उघडणारही नाही."

मुलगा शेजारी बसून गोळ्यांच्या बाजूनं मान हलवत होता. त्याचं कारण मला माहीत आहे. त्याचे बाबा एका साध्या ऑपरेशनला हसत गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा तो कॉलेजात होता. म्हणून मी बोलले नाही. पण त्यानं मला न विचारता तलावाच्या कचेरीत जाऊन 'आईच्या जागी कुणीतरी बघा' असं सांगून टाकलं होतं, हे कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. म्हणजे भांडण्यापुरतं बोलत होते.

तर असं सगळं त्या तपासणीवर येऊन ठेपलं होतं. जाड चष्मा लावलेल्या मशीनवाल्या बाईंनी मला बाकावर बसवून समजावलं. भरल्या प्राणवायूचं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त, चुंबकाला ही दोन वेगवेगळी दिसतात. माणसानं श्वास रोखला की रक्तातला खराब वायू वाढतो. तो वाढला की मेंदूतल्या चांगल्या नळ्या रुंदावतात, ताजं रक्त धावत येतं आणि तेवढा भाग चित्रात उजळतो. ज्या नळ्या आधीच ताणून ताणून दमल्या आहेत, त्यांना आणखी रुंदावता येत नाही. तिथे काही उजळत नाही.

"म्हणजे मी फक्त श्वास धरायचा?" मला हसूच आलं. "बाई, तेवढ्या वेळात मी पाण्याखालून तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाते."

"फार वेळ नको. मी सांगितलं की हलकेच श्वास सोडायचा आणि मग धरायचा. सोडून धरायचा हं, घेऊन नाही. आधी मोठे श्वास घ्यायचे नाहीत."

सोडून धरायचा! रिकाम्या छातीनं! उभा जन्म मी काठावरून ओरडत आले, 'भरून घ्या रे, भरून घ्या,' आणि ही मला उलटं शिकवते. मी वरवर हो म्हटलं. मनात म्हटलं, तुझ्या मशीनला दाखवतेच सुसर म्हणजे काय.

छातीवर पट्टा बांधला, कानांवर हेडफोन, डोक्यावर पिंजरा, आणि मला त्या नळकांड्यात सारलं. ठणाठण सुरू झालं. कानातल्या आवाजानं हुकूम सोडला, "श्वास सोडा. धरा." मी काय केलं असेल? जे पोरांकडून घोटून घेतलं तेच केलं. हुकूम येण्याआधी तीन खोल श्वास, मग छाती गच्च भरून कुलूप. प्रत्येक वेळी तेच. एकदाही सुटला नाही. बाहेर आले ती पदक जिंकल्यासारखी.

आठवड्यानं सर्जननं चित्रं पुढे केली आणि चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढला की समजावं, आता काही खरं नाही.

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत," तो म्हणाला. "कुठेच काही उजळलं नाही. उजवीकडेही नाही. मला वाईट वाटतं, पण ऑपरेशनचा विषय संपला."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? भर दवाखान्यात, परक्या माणसासमोर, नाक गळेपर्यंत रडले. मुलानं रुमाल दिला, त्यातून त्यानं अजून परत न दिलेली माझीच शिट्टी टणकन खाली पडली. ती उचलायला वाकले, तर टेबलावरच्या रिपोर्टातली एक ओळ नाकासमोर आली. 'रुग्ण घाबरलेली. श्वास अनियमित.'

घाबरलेली? मी?

रडं तिथल्या तिथे थांबलं. मेंदू दमला म्हणा, नळ्या बुजल्या म्हणा, मी ऐकून घेईन. पण घाबरलेली कोण म्हणतं? मी तशीच उठले आणि तरातरा मशीनच्या खोलीकडे निघाले. मुलगा मागून "आई, अगं आई" करत.

"हे कुणी लिहिलं?" मी दारातूनच विचारलं.

मशीनवाल्या बाई काही लेच्यापेच्या नव्हत्या. "मी लिहिलं. तुम्ही घाबरला होतात म्हणून लिहिलं. या, बघा." त्यांनी पडद्यावर एक रेघ काढली. छातीच्या पट्ट्यानं माझ्या श्वासाची रेघ नोंदवली होती. "हे बघा. प्रत्येक हुकमाच्या आधी असे उंच उंच श्वास. घाबरलेलं माणूस असंच धापा टाकतं."

"मी धापा टाकत नव्हते!"

"मग काय करत होता?"

मला पटकन सांगताच येईना. जे अंगात मुरलंय ते सांगायचं काय? मी तंडत राहिले, बाई तंडत राहिल्या. मुलगा मात्र पडद्याकडे बघत उभा होता. तीन उंच डोंगर, मग वरच्या वर सपाट रेघ. पुन्हा तीन डोंगर, पुन्हा सपाट. त्याला कळलं होतं. आणि हेही कळलं होतं, की आपण गप्प बसलो तर आई घरी बसते, गोळ्या खाते, जगते. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग पडद्याकडे.

"ती घाबरली नव्हती," तो म्हणाला. "हे बुडी मारण्याआधीचे श्वास आहेत. तीन खोल, आणि चौथा भरून बंद. मला हिनंच शिकवलेत."

मशीनवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग त्या खोल श्वासांनी खराब वायू सगळा धुऊन निघाला असणार! तो वाढलाच नाही, तर नळ्या रुंदावतील कशाला? उजवी बाजू आजारी नसेलही. आम्ही तिला हाकच मारली नाही." मग माझ्यावर वळल्या. "सोडून धरा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंत," मी म्हटलं. कधी नव्हे ती माझी मान खाली गेली. पण थोडीच. "आता पुन्हा घ्या. आत्ता घ्या."

त्यांनी लगेच घेतली नाही, माझा नंबर लागेपर्यंत थांबवलं. पण घेतली. त्या खेपेला शिट्टी पुन्हा मुलाच्या खिशात गेली आणि मी शहाण्या पोरीसारखं ऐकलं. श्वास हलकेच सोडला आणि रिकाम्या छातीनं पडून राहिले. बाप रे. छाती आतून धडका मारते, हवा कुठेच नाही, वर नळकांडं, भोवती ठणाठण. आता मात्र मी खरीच घाबरले, पहिल्या दिवशी पाण्यात उतरलेल्या पोरासारखी. पण सोडला नाही. बाई म्हणाल्या तेव्हाच श्वास घेतला, आणि प्रत्येक खेपेला तसंच.

या वेळी सर्जननं चष्मा काढला नाही. उजवी बाजू लख्ख उजळली होती. डावी ढिम्म. असल्या वाईट बातमीनं माझ्याइतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. "डावी उपाशी आहे," सर्जन म्हणाला. "जोडतो. धोका आहे, तो आधी सांगितलाय तेवढाच."

"तारीख लिहा," मी म्हटलं.

ती तारीख उद्याची. आज रात्री मुलानं मला वॉर्डात आणून सोडलं. पिशवी खाली ठेवली, उशी दोनदा झटकली, निघेना. शेवटी मीच विचारलं.

"गप्प बसला असतास तर तुझ्या मनासारखं झालं असतं. का बोललास?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "लहानपणी मी ती शर्यत जिंकलो होतो. आठवतं? तू म्हणालीस, शिट्टीच्या आधी उडी मारलीस, शर्यत खोटी. सगळ्यांसमोर पुन्हा लावलीस. मी हरलो."

"किती दिवस बोलला नव्हतास माझ्याशी."

"तुझी तपासणीही खोटी झाली होती. पुन्हा लावायलाच हवी होती." मग माझ्याकडे वळला, डोळे लाल. "पण आई, मला हे ऑपरेशन अजूनही नकोय. मी भयंकर घाबरलोय."

"मग लिहून घेऊ रिपोर्टात," मी म्हटलं. "मुलगा घाबरलेला, श्वास अनियमित."

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. एवढा दांडगा बाप्या माझ्या खांद्यावर मावेना. मग मी हात पुढे केला. त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि शिट्टी माझ्या हातावर ठेवली.

"आई, इथे नको. लोक झोपलेत. आई!"

मी तीन खोल श्वास घेतले, चौथा छाती गच्च भरून घेतला, आणि वाजवली.