दोनशे सतराव्या पुठ्ठ्याची पाठ

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. फार मोठा नाही, तळहाताएवढाच. नारिन नदीकाठच्या एका गावात छोटंसं चित्रसंग्रहालय आहे. तिथल्या लाकडी खणात दोनशे सोळा आणि दोनशे अठरा या शेजाऱ्यांच्या मधोमध मी साठ वर्षं उभा होतो. भिंतीवरच्या प्रत्येक चित्राचा असा एक पुठ्ठा असतो. चित्र कुणी काढलं, कुठून आलं, ते आमच्यावर लिहिलेलं असतं. लोक चित्राकडे बघतात, आमच्याकडे कोण बघतंय! पण खणात राहून माझा चौकसपणा काही गेला नाही. खण जरा सरकला, की मी कान टवकारलेच म्हणून समजा.

मला लिहिलं तो दिवस लख्ख आठवतो. कारा-बुलाक गावची सालिका नावाची सून गाढवावर चित्र बांधून घेऊन आली होती. वय असेल बावीस. सासरे नुकतेच गेले होते आणि हे त्यांच्या हातचं चित्र होतं. तंबूच्या दारात पांढरा रुमाल बांधलेली सून मान खाली घालून चहा ओततेय, एवढंच. ती सून म्हणजे सालिकाच, हे मला पाहताक्षणी कळलं.

टेबलाशी सातार नावाचा कारकून बसला होता. त्याने चित्रकाराचं नाव विचारलं आणि सालिका गप्प झाली. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. "आमच्या घरचे मोठे," एवढंच ती म्हणाली. सातारला यात नवल वाटलं नाही, त्याची बायको तरी कुठे घेत होती? तो हसला आणि म्हणाला, नवऱ्यालाच विचारतो. पण नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलेला, तो थंडी पडल्याशिवाय खाली उतरायचा नव्हता. तोवर असू दे म्हणून सातारने माझ्या तोंडावर शाईने लिहिलं, 'चित्रकार: अज्ञात'. मग मला उलटं करून पाठीवर पेन्सिलीने खरडलं, 'आणणारी सालिका, कारा-बुलाक. नवऱ्याला विचारणे.'

थंडी पडायच्या आत सातारची बदली झाली. त्याचं 'तोवर' साठ वर्षं चाललं.

चित्राचं मात्र नशीब उघडलं. लोक लांबून त्याच्यासाठी येत, चहाची वाफ खरी वाटते म्हणत. काढलं कुणी, असं एखादा विचारी आणि उत्तर मिळे, अज्ञात. मला खणात इतकी चुटपुट लागे! अर्धं उत्तर माझ्या पाठीवर होतं हो, पण पुठ्ठ्याला बोलता कुठे येतं?

पुढे कॉम्प्युटर आला. माझी फक्त तोंडाची बाजू त्यात उतरवली आणि आमचा खण जिन्याखाली गेला. उंदराने माझा एक कोपराही खाल्ला.

मग आयजार्किन आली. चित्राची प्रत कुणी, कुठे छापायची, त्याची परवानगी बघणं हे तिचं काम. कॉपीराइट चित्रकाराचा, तो नसेल तर ठरावीक वर्षं त्याच्या वारसांचा. म्हणून आधी माणूस शोधायचा, मग सही घ्यायची. राजधानी बिश्केकच्या एका चहावाल्याला आमच्या चित्रातली सून त्याच्या डब्यांवर छापायची होती. त्याला उत्तर आठवड्यात हवं होतं.

संचालक मुकाश आगाय, म्हणजे मुकाश सर, म्हणाले, "अज्ञात आहे ना? मग विचारायचं कुणाला? दे परवानगी."

"अज्ञात आपल्याला आहे, आगाय. त्याला नाव असेलच की," ती म्हणाली आणि सरळ जिन्याखाली आली. तिने मला काढलं, फुंकर मारली आणि उलटं केलं. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी पाठ वाचत होतं!

दुसऱ्या दिवशी तिच्या पर्समधून मी कारा-बुलाकला पोचलो. सालिका आपा आता ब्याऐंशीच्या. नवरा वारलेला, मुलगा परदेशी कामाला. त्यांनी आधी रोटी आणि साय पुढे ठेवली, चहा ओतला. अगदी तश्शीच मान खाली घालून. मग आयजार्किनने नाव विचारलं.

"इतकी वर्षं घेतलं नाही, आता तुझ्यासाठी घेऊ होय?" आपा हसल्या.

शेजारी विचारून येते म्हणून आयजार्किन उठली. आपांनी तिला हाताला धरून बसवलं. "शेजारी कशाला? पेन आहे ना तुझ्याकडे? दे इकडे."

आणि त्यांनी माझ्यावरचं 'अज्ञात' खोडून वळणदार अक्षरात लिहिलं, 'बोरूबाय अकमात उलू'.

आयजार्किन बघतच राहिली. "आपा, तुम्हाला लिहिता येतं? मग तेव्हाच का नाही लिहून दिलंत?"

"मी शाळेत शिकवत होते, पोरी. पण पेन त्या कारकुनाच्या हातात होतं. त्याने पुढे केलं नाही आणि मी मागितलं नाही. पुढे एकदा चित्र बघायला आले, तर खाली 'अज्ञात' लिहिलेलं. तेव्हाही कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. माझ्या न बोलण्याने त्यांचं नाव गेलं. ते आजवर सलतंय."

त्यांनी मला फुंकर घालून आयजार्किनकडे परत दिलं.

परवानगीच्या कागदावर मुलाची सही हवी होती, ती त्याच्याकडून मागवायचं ठरलं. आपांची अट एकच होती, डब्यावर नाव ठळक हवं. ते छापायला चहावाला कबूल झाला, मुलाची सही आली, आणि दोन महिन्यांनी पहिला डबा घेऊन आयजार्किन मला पुन्हा कारा-बुलाकला घेऊन गेली. आपांनी डबा मांडीवर घेतला आणि तिलाच नाव वाचायला सांगितलं. तिने मोठ्याने वाचलं.

"पुन्हा वाच," आपा म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

मित्रांनो, आता मी खणात नाही, चित्राशेजारी काचेत आहे, खोडलेल्या शब्दासकट. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा जुना पुठ्ठा हाती आला तर टाकून देण्याआधी तो उलटा करून बघा. आणि समोरचं माणूस गप्प असेल, तर 'अज्ञात' लिहिण्याआधी पेन एकदा त्याच्या हातात द्या.