अधिकृत आलंय का?

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लॅबताईचा फोन आला. तिने 'कशी आहेस'सुद्धा न विचारता एकदम आकडे सांगायला सुरुवात केली, तशी धाकटीने वही पुढे ओढली.

"गढूळपणा नऊ. मर्यादा एक. टेकडीच्या शेवटच्या नळावर क्लोरीन शून्य. तीनदा तपासलं. गाळणीचा पंप गेलाय, नवा भाग परवा येणार."

"मग पुरवठा बंद करा ना."

"सांगितलं गं. वरून उत्तर आलं, आज मोठ्या साहेबांचा वाढदिवस आहे, आज पाणी बंद ठेवलं तर बरं दिसणार नाही. संध्याकाळी साडेपाचला टेकडीला पाणी सुटणार म्हणजे सुटणारच. तोपर्यंत लोकांना 'उकळून प्या' सांगणं तुझं काम. आता तू आमची नाहीस, त्यांची आहेस."

शेवटचं वाक्य टोमणा होता, पण प्रेमाचा. धाकटीने नऊ वर्षं लॅबताईच्या शेजारच्या टेबलावर बसून पाणी तपासलं होतं. घरी दोघी बहिणींत ती लहान म्हणून धाकटी, आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत हे लॅबताईच्या कानावर गेल्यापासून तिथेही धाकटीच. तिने पाण्याच्या तपासणीवर लिहिलेलं एक साधं पत्रक लोकांनी खरोखर वाचलं, घराघरांत चिकटवलं, आणि मोठ्या साहेबांनी तिला उचलून पाणीपुरवठा मंडळाच्या जनसंपर्क विभागात नेलं. तिनेही मनावर घेतलं. संध्याकाळचा अभ्यासक्रम केला, पोस्ट कधी टाकायची, किती शब्दांची, फोटो कसा, सगळं प्रयोगासारखं मोजून शिकली. आकडे वहीत राहिले तर त्यांचा कुणाला उपयोग नाही, ते घरात पोचले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. दोन वर्षांचा परिवीक्षेचा काळ येत्या शुक्रवारी संपत होता. शुक्रवारी एक तर कायमची नेमणूक, नाहीतर जैसे थे.

साडेअकराला तिचा मजकूर तयार होता. तीन ओळी. कुठे, कधीपर्यंत, काय करायचं. तिने तो मंजुरीसाठी पाठवला आणि वहीत वेळ लिहिली.

ती वही हे तिचं गुपित होतं. मंडळाच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर काहीही टाकायचं तर सात जणांची मंजुरी लागे. प्रत्येक मजकूर कधी गेला आणि कधी परत आला, हे ती दोन वर्षं टिपत आली होती. सरासरी एकतीस तास. सर्वांत कमी एकोणीस. जलशुद्धीकरण केंद्रातली गाळणी आज बंद पडली होती. ही मंजुऱ्यांची गाळणी मात्र दोन वर्षांत एक दिवसही बंद पडली नव्हती.

साडेपाचला सहा तास होते. तिने आईला फोन लावला. आई टेकडीवरच राहायची, वरून तिसऱ्या गल्लीत.

"आई, आज संध्याकाळचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. शेजारीपाजारीही सांग."

"का गं? काय झालं?"

"गढूळ येणार आहे."

"अधिकृत आलंय का?"

हा शब्द धाकटीनेच तिला शिकवला होता. मागच्या वर्षी पाण्यात विष कालवलंय अशी अफवा फोनोफोनी पसरली होती आणि लोक रात्रभर जागले होते. त्यानंतर धाकटीने दोन महिने मोहीम चालवली: 'ऐकीव नको, अधिकृत हवं. फक्त मंडळाच्या पानावर विश्वास ठेवा.' शाळांत, दवाखान्यांत, नळांवरच्या पाट्यांवर. तिची सर्वांत यशस्वी मोहीम तीच. नेमणुकीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर तिने तीच लिहिली होती.

"आई, मी सांगतेय ना! मी तिथेच काम करते."

"तू सांगतेस गं, पण मी खाली जाऊन काय सांगू? माझी मुलगी म्हणाली? मागच्या वेळी गल्लीतल्या बायकांना मीच झापलं होतं, पान बघा आधी म्हणून. आता त्या मला सोडतील होय? पानावर येऊ दे, मग मी घरोघर फिरते."

एक वाजेपर्यंत मजकुराला तीन शेरे पडले होते. पहिला: 'गढूळ हा शब्द नकारात्मक वाटतो.' दुसरा: 'टेकडी असा उल्लेख केल्यास टेकडीवासीयांना वेगळं पाडल्यासारखं होईल.' तिसरा विधी सल्लागारांचा: 'उकळा असे म्हटल्यास न उकळलेले पाणी अयोग्य आहे असा अर्थ निघू शकतो.'

"तोच अर्थ काढायचाय," धाकटी पडद्याला म्हणाली. पलीकडच्या टेबलावरच्या टंकलेखिकेने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

दोन वाजता ती उठली आणि जनसंपर्क प्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळं ऑफिस पाठीमागे 'नंतरबघू' म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कुणाला शब्दाने दुखवायचा नाही, आणि कुणाचं कामही करायचा नाही.

"सर, टेकडीचा मजकूर. साडेपाचला पाणी सुटतंय."

"हो हो, पाहिलं मी. चालू आहे की प्रक्रिया."

"प्रक्रियेला एकतीस तास लागतात."

"कोण म्हणतं?"

"मी मोजलेत."

नंतरबघूंनी तिच्याकडे जरा दुखावल्या नजरेने पाहिलं. "तुझं हे मोजणं... हे बघ, तू अजून लॅबमधून बाहेर आली नाहीस. तिथे आकडा म्हणजे आकडा. इथे आपण नातं जपतो. लोकांशी, वरच्यांशी, सगळ्यांशी. जरा शब्द मऊ कर. 'पाणी उकळल्यास चव अधिक आनंददायी लागेल,' असं काहीतरी. आणि आपला थेंबू टाक त्यात." थेंबू म्हणजे मंडळाचं चित्र, हसणारा निळा थेंब.

"लहान मुलं आजारी पडतील, सर."

"पडली की बघू ना. म्हणजे, पडणार नाहीत. शुक्रवार जवळ आलाय तुझा, उगीच घाई करून पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. ते साहेबांच्या वाढदिवसाचं झालं का? चार वाजता जायला हवं ते."

ती जागेवर येऊन बसली. तिने वही उघडली, कारण राग आला की ती वहीच उघडायची. एकतीस तास, सत्तावीस, चाळीस, एकोणीस. आणि सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईने, चार नोंदी होत्या ज्या तिने सरासरीत धरल्याच नव्हत्या. साहेबांना शुभेच्छा: चार मिनिटं. उपसाहेबांना शुभेच्छा: सहा मिनिटं. साहेबांच्या सत्काराबद्दल शुभेच्छा: तीन मिनिटं. पुन्हा साहेब: चार.

शुभेच्छांना सात मंजुऱ्या लागत नव्हत्या. फोनवर नंतरबघूंचा होकाराचा अंगठा आला की झालं. तेवढंच नव्हे, शुभेच्छांची पोस्ट मंडळाच्या चौदाशे कर्मचाऱ्यांनी तासाभरात आपापल्या फोनवरून पुढे पाठवायची, आणि विभागप्रमुखांनी पुरावा म्हणून त्याचे फोटो गोळा करायचे, असा तोंडी हुकूम होता. तिच्या नेहमीच्या पोस्टला चाळीसेक लोक अंगठे देत. त्यातला एक आईचा.

चौदाशे कर्मचाऱ्यांत नळ सोडणारे होते, मीटर वाचणारे होते, आणि त्यातले कितीतरी टेकडीवरच राहत होते.

धाकटीने साहेबांचा फोटो घेतला. वर लिहिलं: 'आदरणीय साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' त्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत: 'टेकडीवरील सर्व घरांनी आज संध्याकाळपासून पुढची सूचना येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, वर आणखी पाच मिनिटे उकळू द्यावे, मगच वापरावे. पाणी गढूळ येणार आहे.' साहेबांनी आवाहन केलं, असं तिने कुठेही लिहिलं नाही. खोटं लिहायला तिचा हात धजला नसता. तिने फक्त दोन खरी वाक्यं एकाखाली एक ठेवली. जोडायची ती वाचणाऱ्यांनी जोडावीत.

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिने ते चित्र नंतरबघूंना पाठवलं.

उत्तर लगेच आलं. 'साहेबांचा चेहरा थोडा मोठा कर.'

तिने चेहरा मोठा केला.

अंगठा आला. चार वाजून दोन मिनिटं. तिने वहीत लिहिलं: चार मिनिटं. शुभेच्छांची सरासरी कायम.

पाच वाजेपर्यंत ते चित्र तेवीसशे वेळा पुढे गेलं. खालच्या प्रतिक्रिया वाचताना तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. 'स्वतःच्या वाढदिवशीही जनतेची काळजी!' 'असा माणूस होणे नाही.' 'साहेब, दोन पातेली उकळली, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.' सव्वापाचला आईचा फोन आला.

"अगं, साहेबांनी स्वतः सांगितलंय पाणी उकळायला! वाढदिवसाच्या दिवशी! सगळी गल्ली उकळतेय, मी मोठं पातेलंच ठेवलंय. बघ, माणूस कसं मनापासून सांगतो. तू आपली नुसती, गढूळ येणार आहे, गढूळ येणार आहे."

"हो आई. उकळ."

मागे नंतरबघू उभे होते. चेहरा चुन्यासारखा. "हे काय केलंस तू? हे वाचलंच नाही मी!"

"तुम्ही चेहरा पाहिला, सर."

ते पुढे काही बोलणार, एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. मोठे साहेब. पलीकडचा आवाज धाकटीलाही ऐकू येत होता. साहेब भलतेच खुशीत होते. दोन वार्ताहरांनी फोन करून कौतुक केलं होतं म्हणे.

"हो साहेब... नाही नाही, कसलं काय... कल्पना आपल्या विभागाचीच, साहेब. मी स्वतः लक्ष घातलं. चेहरासुद्धा मीच मोठा करायला सांगितला."

बुधवारी सकाळी पंपाचा नवा भाग बसला. दुपारी बाराला लॅबताईने आकडे दिले: गढूळपणा शून्य पूर्णांक चार, क्लोरीन पुरेसं. "आणि ऐक," ती म्हणाली, "टेकडीवरच्या दवाखान्यात विचारलं मी. एकही जादा रुग्ण नाही. शाबास, धाकटे."

धाकटीने लगेच दोन ओळी लिहिल्या: पाणी आता शुद्ध आहे, उकळण्याची गरज नाही. मंजुरीला पाठवल्या. वेळ टिपली.

त्याच दुपारी तीन वाजता तिचा सोमवारचा मजकूर सातवी मंजुरी घेऊन परत आला आणि नियमाप्रमाणे आपोआप पानावर चढला. निळा थेंबू हसत होता. 'आपल्या परिसरातील पाणी उकळल्यास त्याची चव अधिक आनंददायी लागू शकते.' टेकडी नाही, गढूळ नाही, तारीख नाही. त्रेचाळीस अंगठे.

शुक्रवारी नंतरबघूंनी तिला बोलावलं. समोर तिची फाइल होती. ते नेहमीसारखे हसले, पण नजर फाइलवरच ठेवली.

"काम चांगलंच आहे तुझं. प्रश्न एवढाच, की तू घाबरवतेस लोकांना. बघ ना, सोमवारी एवढा गवगवा केलास आणि झालं काय? एक माणूस आजारी पडला नाही. एक! मग कशासाठी होतं सगळं?"

"उकळलं म्हणून पडले नाहीत, सर."

"हे तू सिद्ध करू शकतेस?"

नऊ वर्षं जिथे काम केलं तिथे धाकटीला शिकवलं होतं की तुलनेला दुसरा गट लागतो. न उकळता प्यालेली एक टेकडी लागली असती. ती तिने होऊ दिली नव्हती.

"म्हणून सहा महिने वाढवलेत," ते म्हणाले. "नाराज होऊ नकोस. सहा महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील. आणि एक, आजपासून शुभेच्छांनाही सातच्या सात मंजुऱ्या लागतील. परिपत्रक निघालंय."

"आणि माझा बुधवारचा मजकूर? पाणी शुद्ध झालंय, तो?"

"तो अडकलाय जरा. विधी सल्लागारांचं म्हणणं पडलं की अधिकृतपणे आपण पाणी खराब होतं असं कुठे म्हटलंय? खराब नव्हतंच, तर चांगलं झालं असं कसं सांगायचं?"

"सोमवारच्या पोस्टमध्ये म्हटलंय."

"त्या शुभेच्छा होत्या."

ती उठून जागेवर आली, वही कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार जरा जास्तच जोरात लावलं. टंकलेखिकेने या वेळी मान वर केली नाही, पण स्वतःच्या डब्यातलं अर्धं सफरचंद कागदावर ठेवून हळूच तिच्या टेबलावर सरकवलं.

ऑफिस सुटल्यावर ती सरळ टेकडीवर गेली. वरच्या तिसऱ्या गल्लीत प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. आई शेगडीपाशी उभी होती, कपाळावर घाम, समोर मोठं पातेलं खळखळत होतं. बाजूला भरलेल्या बाटल्यांची रांग.

"आई, बंद कर ते. बुधवारपासून पाणी शुद्ध आहे."

आईने पळी हातात तशीच धरून तिच्याकडे पाहिलं.

"अधिकृत आलंय का?"

"नाही."

"मग? 'पुढची सूचना येईपर्यंत' असं लिहिलंय स्पष्ट. कुणी लिहिलं असेल ते असो, पण नीट विचार करून लिहिलंय." तिने गॅस जरा मोठा केला. "बायका विचारत होत्या मला, तुझी मुलगी तिथेच आहे ना, तिला विचार, अजून किती दिवस उकळायचं."

धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली. खांद्यावरची पिशवी उतरवायचंही तिला सुचलं नाही. बुधवारी बारापासून आत्तापर्यंत पंचावन्न तास झाले होते आणि आकडा चढतच होता.

"काय सांगू त्यांना?" आईने विचारलं. "साहेबांचा पुढचा वाढदिवस कधी असतो?"