परवानगी नसलेला मुक्काम

इशिता पेणच्या कोर्टात वकिली करायची आणि तिचा नवरा अनय रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. दर पावसाळ्यात तो कंपनीतल्या चारपाच जणांबरोबर डोंगरावर तंबू टाकून राहायला जाई. या मंडळींची म्होरकी होती नम्रता. लॅबमध्ये सीनियर, चाळिशीची, एकटी राहणारी. परत आला की अनयच्या तोंडी दोन दिवस तिचंच नाव. तंबूत पाणी शिरू नये म्हणून नम्रता चर कसा खणते, नुसतं ढगाकडे बघून नम्रता कसं सांगते की अजून तासभर उघडत नाही. इशिता भाजी चिरत ऐकून घ्यायची. सहा वर्षांच्या संसारात आपल्याबद्दल कुणापाशी तो असं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तीन दिवस जोडून सुट्टी आली, तेव्हा ती म्हणाली, "मीपण येते."

अनय जरा गोंधळला. "तुला जमेल? सगळं ओलं असतं."

"बघू. पण तुम्ही तंबू टाकता तो माळ राखीव जंगलात येतो ना? परवानगी काढलीय का?"

"या पावसात कोण येतंय बघायला?" तो हसला. "नम्रता आहे ना."

त्या शेवटच्या तीन शब्दांनी घात केला. गुरुवारी दुपारी, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत, इशिताने वनखात्याच्या ऑफिसला फोन लावला. शनिवारी काही लोक जंगलात विनापरवानगी मुक्कामाला जाणार आहेत, असं सांगितलं. माळाचं नाव सांगितलं, कायद्याचं कलम सांगितलं. स्वतःचं नाव तेवढं सांगितलं नाही. पायथ्याशीच अडवतील, नम्रताचं सगळ्यांसमोर तोंड उतरेल आणि विषय कायमचा मिटेल, असा तिचा हिशेब होता.

पायथ्याशी कुणीच अडवलं नाही. भाड्याची मिनीडोर रिक्षा पायथ्याच्या वाडीपाशी सोडून सहाही जण पावसात चढायला लागले. दोन तासांत माळावर पोचले तेव्हा इशिताचे बूट पाण्याने भरले होते. आपला फोन कुणी मनावर घेतला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

मग तिने अनयला तंबू लावताना पाहिलं.

घरी त्याला स्वतःचा टॉवेल सापडत नसे. इथे तो न सांगता उताराची बाजू बघत होता, खुंट्या तिरक्या ठोकत होता. नम्रताने मान वर न करता हात पुढे केला की तो दोरी तिच्या हातात ठेवायचा. तिने दोरी ताणली की तो पलीकडून कव्हर धरायचा. एक शब्द नाही. आणि तो गुणगुणत होता. काय ते पावसात नीट ऐकू येत नव्हतं, पण गुणगुणत होता. इशिता ताडपत्रीचं एक टोक धरून नुसती त्या दोघांच्या हातांकडे बघत होती. त्या दोघांत तसलं काही नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तसलं काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

साडेचारच्या सुमाराला धुक्यातून एक छत्री वर आली. छत्रीखाली वनरक्षक महिपती होते. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, धाप लागलेली.

"कुणी सांगितलं हितं राहायला?" त्यांनी विचारलं. "राखीव जंगल हाय ह्ये. तंबू काढा. नावं सांगा सगळ्यांची."

"साहेब, दरवर्षी येतो आम्ही," अनय म्हणाला.

"म्हंजे दरवर्षी गुन्हा करता. मी कशाला चढलो असतो या पावसात? पण पेणवरनं बाईचा फोन आला. नाव नाय सांगितलं, पण कलम सव्वीस बरोबर सांगितलं. ऑफिसात नोंद झाली, मग मला यावंच लागलं."

अनयने इशिताकडे पाहिलं. नम्रताने पाहिलं. बाकीच्यांना अजून काही कळलं नव्हतं.

इशिता पुढे झाली. "आम्ही आग पेटवलेली नाही. फांदी तोडलेली नाही. आत्ता लगेच खाली उतरतो. तुम्ही जबाब लिहून घ्या आणि समज द्या. सामान जप्त करू नका."

महिपतींनी तिला नीट बघून घेतलं. "वकील काय?"

"हो."

"जबाबावर नाव कुणाचं घालू?"

"माझं घाला," इशिता म्हणाली.

"नको," नम्रता म्हणाली. "यांना घेऊन मी आले. परवानगी मी काढायला हवी होती." प्लास्टिकच्या पिशवीखाली कागद धरून तिने सही केली. चूक कबूल करतानाही ही बाई अशी ताठ उभी राहते, याचाही इशिताला हेवा वाटला आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

वाडीत पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि परतायला गाडी नव्हती. पहिल्याच घराच्या पडवीत भागी नावाची म्हातारी बाई नाचणी पाखडत बसली होती. तिने सगळ्यांचा अवतार बघितला आणि इशिताला हाक मारली.

"आत ये गो बाय, किती भिजलीस. जागा हाय ना हितं. लावा तंबू परसात, माझी मालकीची जागा हाय. मला कोन विचारनार?"

"मालकाची हरकत नाय तर मला कायपण बोलायचं नाय," सोबत उतरलेले महिपती म्हणाले आणि तिच्याच पडवीत चहाला बसले.

तंबूत शिरल्यावर अनय बराच वेळ ओल्या बुटांच्या नाड्या सोडवत बसला.

"का केलंस?" त्याने विचारलं.

"तू तिथे वेगळा असतोस."

"म्हणजे कसा?"

"गुणगुणत होतास. घरी सहा वर्षांत मी तुला कधी गुणगुणताना ऐकलं नाही."

त्याने एक बूट काढून बाजूला ठेवला. कव्हरवर पाऊस वाजत होता. "मग आधी कधी आली का नाहीस?"

"तू कधी बोलावलंस?"

तो म्हणाला, "नाही बोलावलं. ते एवढंच माझं एकट्याचं होतं." हे ऐकून तिला रडू आलं, पण तो खरं बोलला म्हणून बरंही वाटलं.

सकाळी पाऊस थांबला होता. नम्रता विहिरीपाशी भांडी घासत होती. इशिता तिच्या शेजारी जाऊन बसली. "फोन मी केला होता."

"कळलं मला. कलम कोण सांगतं फोनवर?"

"राग आलाय?"

"आलाय. महिनाभर तरी राहील." नम्रताने एक पातेलं तिच्यापुढे सरकवलं. "पण पुढच्या वेळचा अर्ज तूच लिही. वनखात्याच्या रेंज ऑफिसला रीतसर जाऊ. नाही दिली परवानगी तर भागीमावशींना विचारू."

इशिता पातेलं घासायला लागली. परसात अनय तंबूचं कव्हर झटकत होता. नम्रताने त्याला हाक मारली, पाण्याचा कॅन हवा होता. तो हातातलं टाकून लगेच निघाला, आणि इशिताला पुन्हा तसाच हेवा वाटला. ती उठून परसात गेली. तिथे पडलेलं ओलं, जड कव्हर तिने एकटीनेच उचललं आणि कुठून घडी घालायची ते शोधायला लागली.