भिंतीवरचं आमंत्रण

जैसलमेरच्या किल्ल्यात लग्नाचं आमंत्रण घराच्या भिंतीवरच रंगवतात. वाचेल त्यानं जेवायला यावं. धापूबाईच्या भिंतीवर मदनचं लग्न होतं. तिचा हा एकुलता एक मुलगा सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला.

आज संध्याकाळी दिल्लीचं एक जोडपं नटूनथटून, मिठाई घेऊन तिच्या दारात उभं राहिलं.

"माँजी, भिंतीवर आजची तारीख आहे ना?"

शेजारीण तुळछी खो खो हसली. "अहो, नवरदेवाची पोरं कॉलेजात जातात! उन्हानं साल उडालंय तिथलं."

"तू कशाला मध्ये नाक खुपसतेस गं?" धापूबाई डाफरली. "या, बसा. लापशी तयारच आहे."

उन्हाला उगाच बोल! दर दिवाळीला ती भिंत धापूबाईच नव्यानं रंगवायची, साल तेवढं सोडून.