मला पालथी घाला

हसू नका मित्रांनो, पण मला पुढचं तोंड नाही आणि मागचंही नाही. मी एक जुनी पुट्टी आहे. पुट्टी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली गोल होडी, खालून डांबर फासलेली. दुरून पाहणाऱ्याला मी भली मोठी दुरडी वाटते. माझा सगळा जन्म येलदरीच्या धरणाच्या पाण्यावर गेला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मधली काही वर्षं मी परभणीत एका कार्यालयासमोर झाडाची कुंडी होऊन पडले होते. ते कसं झालं तेच आज सांगते. बोलता बोलता कुणाला टोचले तर राग मानू नका. कामट्यांची टोकं टोचतातच.

मला यल्लय्यानं विणलं. तो तेलुगू मुलखातला मासेमार. धरणात मासळी वाढली तेव्हा जाळी टाकायला माणसं हवी होती, म्हणून एका ठेकेदारानं त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना इकडं आणलं. ठेकेदार गेला, ही माणसं राहिली. पाण्याच्या पलीकडच्या काठावर त्यांची झोपड्यांची वस्ती झाली. गावातले लोक त्यांना आंध्रवाले म्हणत. यल्लय्याची मुलगी रेणुका इथंच जन्मली, इथल्याच मातीत लोळली, पण तीसुद्धा आंध्रवाल्याची पोरगीच. वस्तीतून शाळेत गेलेली ती पहिली. परभणीला राहून शिकली आणि समोरच्याच गावातल्या शाळेवर बाई म्हणून आली. त्या दिवशी यल्लय्या वस्तीभर सांगत फिरला की धरणानं आपल्याला मासे दिले आणि आता एक मास्तरीण दिली.

पण शाळेत वस्तीचं एकही लेकरू नव्हतं. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये धरणाच्या पाण्याचा एक फाटा आत शिरलेला आहे. रस्त्यानं यायचं तर केवढा वळसा, आणि त्या रस्त्याला ना एसटी ना जीप. रेणुकाबाईंनी बापाला एक पुट्टी मागितली, आणि त्यानं मला विणायला घेतलं. जाळ्यासाठी असते त्यापेक्षा रुंद, काठ उंच, कारण बसणारी लेकरं होती.

बांबूची होडी इतकी वर्षं टिकते का, असं कुणी शहाणा विचारील. टिकते की! दर उन्हाळ्यात कुजकी कामटी बदलायची, नवं डांबर चढवायचं, आणि मुख्य म्हणजे आमची रीत पाळायची. जमिनीवर पुट्टी कधी उताणी ठेवायची नाही. उताणी ठेवली की आत ऊन शिरतं, पावसाचं पाणी साचतं, बांबू सडतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या तर तो अपशकुनच मानतात. माणसं 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणून पालथेपणाला नावं ठेवतात. ठेवोत बापडी. आम्ही पालथ्या राहतो म्हणून जगतो.

काय दिवस होते ते! सकाळी रेणुकाबाई साडीचा पदर खोचून माझ्या काठाशी गुडघे टेकून बसायच्या. वल्हं समोर टाकायचं आणि पाणी आपल्याकडे ओढायचं. नवख्यानं वल्हवलं तर मी जागच्या जागी गरगर फिरते, कारण मला तोंडच नाही. वल्हवणाऱ्याचं तोंड जिकडं, तिकडं माझं तोंड. जाताना वल्ह्याचे हात मराठीत मोजायचे आणि येताना तेलुगूत, असा बाईंचा नियम होता. गावाकडं जाताना लेकरं एक, दोन, तीन असं ओरडायची. वस्तीकडं परतताना ओकटी, रेंडु, मूडु. असं करत करत मराठीचं एक अक्षर न येणारी पोरं पाढे म्हणू लागली. गावातली पोरंही काठावर येऊन तेलुगू आकडे शिकली आणि घरी जाऊन आईबापांना चिडवू लागली. सुरुवातीला गावकरी खवचटपणे म्हणायचे, बाई, तुमी मास्तरीण हाव का नावाडीण? पुढं तेच लोक पाहुणा आला की त्याला काठावर आणून आम्हाला दाखवायचे. पेपरात फोटो आला. त्यात बाई होत्या, लेकरं होती आणि मीही होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू!

त्या फोटोनंच घात केला असं मला कधी कधी वाटतं. महारुद्रराव नावाचे एक पुढारी वस्तीवर आले. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती आणि आमच्या गटाची जागा महिलेसाठी सुटली होती. बाई, तुमचं नाव घराघरात गेलंय, असं ते म्हणाले. निवडून या, या फाट्यावर पूल बांधून घ्या, मग कुणाला वल्हं मारायची गरजच राहणार नाही. पूल या शब्दाला बाई भुलल्या. मला राग नाही त्याचा. लेकरांना पावसापाण्यात नेताना त्यांचा जीव कसा टांगणीला लागायचा ते मी पाहिलं होतं. यल्लय्यानं नोकरी सोडू नको म्हणून परोपरीनं सांगितलं. बाईंनी राजीनामा दिला.

प्रचारात विरोधकांनी एकच पालुपद धरलं, बाई आपल्या नव्हेत, बाहेरच्या आहेत. एका सभेत मागून कुणीतरी विचारलंच की बाई मूळच्या कुठल्या. बाईंनी माईक हातात घेतला.

"मी या धरणाच्या काठावर जन्मले. तुमच्या लेकरांना पाढे शिकवले. आता अजून कुठल्या गावची होऊ, तेवढं सांगा."

टाळ्या थांबेनात. पण गाडीत बसताना महारुद्ररावांनी त्यांना बाजूला घेतलं. जवाब झकास होता, पण असे जवाब द्यायची पाळीच कशाला येऊ द्यायची? चारचौघांत तेलुगू बोलू नका, आणि वस्तीची माणसं मंचावर नकोत. बाईंनी मान डोलावली. निवडणुकीपुरतंच तर आहे, असं त्या बापाला म्हणाल्या. पुढं ते 'पुरतं' काही सरलं नाही.

बाई निवडून आल्या. गुलाल, ताशे, नुसता गदारोळ! कार्यकर्त्यांच्या डोक्यात आलं की बाईंची मिरवणूक पुट्टीतून काढायची. त्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं, उताणी, आणि आत झेंडूच्या पाकळ्यांवर खुर्ची मांडली. यल्लय्या गर्दीतून वाट काढत पुढं आला.

"बिड्डा, जमिनीवर पुट्टी उताणी ठेवत नसतेत," तो म्हणाला. बिड्डा म्हणजे लेकरू.

बाईंना ते ठाऊक नव्हतं का? माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग गर्दीकडं वळून हात जोडले. ट्रॅक्टर सुरू झाला.

तिथून मी थेट परभणीला. बाईंच्या कार्यालयासमोर मला शोभेला ठेवलं. बाईंची ओळखच पुट्टीवाल्या बाई, मग दारात पुट्टी नको? पुढं बाई शिक्षण सभापती झाल्या, मोटार आली, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माझ्यात आधी चहाचे कागदी कप पडले, मग कुणीतरी माती भरली आणि मनीप्लांट लावला. पाण्यावर तरंगणारीला मातीनं भरलं, यापेक्षा वाईट काय असतं सांगा? दोन पावसाळे तशीच कुजले. रिक्षावाले मला टेकून तंबाखू मळायचे. बाई जाता येता मला पाहायच्या, पण हल्ली त्या फार घाईत असायच्या.

इकडं फाट्यावर पुलाचं भूमिपूजन झालं, नारळ फुटला, पाटी लागली. पूल काही झाला नाही. नवे गुरुजी आले, ते बिचारे गावाच्या बाजूनंच यायचे. यल्लय्याचे हात थकले होते, आणि वस्तीच्या बाकीच्या पुट्ट्या सकाळी जाळ्यांवर असायच्या. वस्तीतली मोठी पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर लहानांना बसवून आणू लागली. थर्माकोल काय, वाऱ्यानं हलतं. बरीच लेकरं घरी राहायला लागली. पटसंख्या घसरली आणि वरून फर्मान निघालं की कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावात पाठवायची. बाईंची शाळाही त्यात होती.

हे सांगायला यल्लय्या एसटीनं परभणीला आला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. तो बाकावर बसून राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा खोलीत दहा माणसं होती. तो घाईघाईनं तेलुगूत सांगू लागला, तराफ्याचं, शाळेचं, लेकरांचं. रेणुकाबाई जन्मभर बापाला तेलुगूत नायना म्हणत आलेल्या. त्या दिवशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबा, मराठीत बोला."

म्हाताऱ्याला मराठी येत होती, तुमच्याआमच्यासारखी येत होती. पण तो पुढं एक शब्द बोलला नाही. उठला, बाहेर आला, माझ्या काठावर हात फिरवला. मग दोन्ही हातांनी धरून, दम लागेस्तोवर रेटून, त्यानं मला पालथी घातली. माती, मनीप्लांट, चहाचे कप सगळं फरशीवर सांडलं. शिपाई धावला, ओरडला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. राहू द्या, एवढंच त्या शिपायाला म्हणाल्या. यल्लय्या मागं न पाहता स्टँडकडं निघून गेला.

आणि मग त्याच पावसाळ्यात तराफा उलटला. अर्पिता नावाची दुसरीतली पोर पाण्याखाली गेली. यल्लय्यानं तिला केसाला धरून ओढून काढलं. वाचली. पण त्या दिवसापासून वस्तीनं एकही लेकरू पाण्यात उतरू दिलं नाही.

रेणुकाबाई मोटारीनं वळसा घालून वस्तीवर गेल्या. बायांनी त्यांना पाणी दिलं, बसायला दिलं, आणि त्या आपापल्या कामाला लागल्या. परत आल्यावर त्या परिषदेच्या सभेत भांडल्या, शाळा बंद करू नका म्हणून एकट्या भांडल्या. महारुद्ररावांनी समजावलं की अशा वस्तीची मतं ती किती, तिच्यासाठी वरच्यांशी वाकडं घेऊ नका, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे. बाई मागं हटल्या नाहीत. शाळा बंद झाली ती झालीच, आणि पुढच्या खेपेला त्यांचं तिकीटही कापलं गेलं. ना नोकरी, ना पद. कार्यालयासमोरची रीघ दोन दिवसांत आटली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एका सकाळी त्यांनी टेम्पो बोलावला, मला त्यात चढवलं, पालथी, आणि वस्तीवर आणलं. यल्लय्या झोपडीपुढं जाळं सांधत होता. त्यानं माझ्या कामट्या चाचपल्या, मुलीकडं पाहिलं नाही.

"नायना," बाई म्हणाल्या आणि पुढचं सगळं तेलुगूत बोलल्या, वस्तीदेखत, रडत.

"डांबर तापव," म्हातारा म्हणाला.

माझ्या निम्म्या कामट्या बदलल्या. आता मी पूर्वीइतकी लेकरं नेऊ शकत नाही, चार-पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. शेजारच्या गावची शाळा फाट्याच्या वरच्या अंगाला आहे, अंतरही जास्त. तरी बाई रोज शाळेच्या वेळेला मला पाण्यात घालतात, मोठ्यानं आकडे मोजत रिकामीच नेतात आणि रिकामीच आणतात. वस्ती दारात उभी राहून बघते. इतके दिवस मतांसाठी, आता कशासाठी, असं एकमेकींना विचारते. विचारणारच.

काल अर्पिता काठापर्यंत आली. पाण्यापासून चार हात लांब उभी राहिली.

"बाई, या टायमाला आमाला सोडून कवा जाताल?"

सभा जिंकणाऱ्या बाईंनी वल्हं खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक न्हाई, बिड्डा. आज आलेय. उद्या येणार हाय."

पोर बसली नाही. बाई एकट्याच गेल्या, एकट्याच परतल्या, आणि दमून मला तशीच उताणी सोडून दगडावर बसल्या. तेव्हा अर्पिता पुढं आली. पाण्याला भिणारी ती पोर ओल्या चिखलात उतरली आणि माझा काठ धरून रेटू लागली. मी कुठली हलतेय! बाई उठल्या, दुसरीकडून हात लावला. दोघींनी मिळून मला पालथी घातली. ओकटी, रेंडु, मूडु, असं ती पोर पुटपुटत होती. उद्या ती बसेल का, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या कामाला येणारं कुणी असेल, माणूस असो की होडी, त्याला खुशाल दमवा. पण गुलाल टाकून दारात मांडून ठेवू नका. आमच्यासारख्यांना मिरवलं की आतून सडायला होतं. आम्हाला पाण्यात घाला, आणि दिवस संपला की आठवणीनं पालथी घाला.