अव्वा जेवायची राहिली

सोलापुरात माझं भाकरी केंद्र आहे. बायका ओळीनं बसून ज्वारीच्या भाकरी थापतात, त्या कडक करून आम्ही पाकिटात भरतो आणि पार पुण्या-मुंबईपर्यंत पाठवतो. म्हणजे परमुलखातली माणसं माझी, या सिद्धेश्वरीची भाकरी आवडीनं मोडून खातात आणि सिद्धेश्वरीचा बाप मात्र तिच्याच घरात भाकरीला शिवत नाही. या गोष्टीचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

माझी आई बजाबाई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. ती पौषात गेली. आमची वस्ती मंद्रूपच्या पुढं, डांबरी सडक संपल्यावर काळ्या रानात आत. एकटं घर, आजूबाजूला नुसती ज्वारी. सगळ्यात जवळचं घर आमच्या रानाचं बघणाऱ्या येडूचं, तेही हाक पोचणार नाही इतकं लांब. अव्वा चुलीपुढं भाकरी थापता थापताच कलंडली. वडील, म्हणजे आमचे आप्पा, रानात होते. जेवायची हाक आज कशी आली नाही म्हणून ते घरी आले, तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता.

गावातल्या जाणत्यांनी पंचांग बघून सांगितलं, नक्षत्र वाईट आहे, घर सोडा. आमच्याकडं तशी रीत आहे. वाईट नक्षत्रावर माणूस गेलं तर सहा महिने त्या घरात राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, दाराला बाभळीच्या फांद्या लावून ठेवायच्या. माझा भाऊ शिवराज अकलूजला नोकरी करतो, बोलताना निम्मं इंग्रजी बोलतो, पण पंचांगातला शब्द खाली पडू देत नाही. त्यानं अशी काही घाई लावली की त्या गडबडीत आमच्याकडून एक मोठी चूक झाली.

माती देऊन आल्यावर शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि दुःखातल्या माणसांना आपल्या हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो त्याच घराच्या अंगणात खायचा असतो, आणि तो खाल्ला की रडणाऱ्यानं जेवायला लागायचं. येडूची बायको टोपली घेऊन बांधावरून येतही होती. पण शिवराज म्हणाला, "दिवस मावळायच्या आत निघायचं." आम्ही गाडीत बसलो. मंद्रूपच्या स्टँडवर त्यानं बिस्किटाचा पुडा फोडला, सगळ्यांच्या हातावर एकेक बिस्कीट ठेवलं आणि म्हणाला, "झाला कडू घास." आप्पांनी ते बिस्कीट बघितलं आणि खिशात टाकलं.

आप्पांना मी सोलापुरात माझ्या घरी आणलं, पण तेव्हापासून ते जेवलेच नाहीत म्हणा ना. चहा घ्यायचे, फार हट्ट केला तर दूधभात चिवडायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. अंगातला सदरा दिवसेंदिवस सैल होत चालला. भाकरी पुढं ठेवली की म्हणायचे, "तुझी अव्वा कुटं जेवलीया अजून?"

अव्वाचा नेमच होता, आप्पा जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. यावरून मी तिच्याशी किती भांडले असेन! "तू काय नोकर हायेस का त्यांची?" असं विचारलं की ती हसायची. "तुझ्या केंद्रातल्या बायांना शिकीव जा हे. मला माझं कळतंय की."

फाल्गुनात येडू सोलापूरला माझ्या घरी आला. ज्वारी काढणीला आली होती आणि रानात पाऊल टाकायला एकही बाई तयार नव्हती.

"ताई, रागावू नगा," तो म्हणाला. "दुपारी जेवायच्या टायमाला बंद घरातनं भाकरी थापायचा आवाज येतोय. म्या सोता ऐकलाय. बाया इळं टाकून पळाल्या."

मी शिवराजला फोन केला, तर त्यानं लगेच कुठल्यातरी मांत्रिकाचं नाव काढलं. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवते तर आप्पा डोक्याला पटका गुंडाळत होते. किती तरी दिवसांनी त्यांनी पटका हातात घेतला होता.

"मला घिऊन चल," म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दाराला फांद्या तशाच, कुलूप तसंच, आणि रान वाळून सोनेरी झालेलं. आप्पा ओट्यावर दाराला पाठ लावून बसले. मी मनात म्हटलं, उंदीर असतील, नाहीतर पत्रा वाजत असेल. आणि आवाज सुरू झाला.

थापायच्या आवाजातलं मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. माझ्या केंद्रात कुठली बाई कुठं बसलीय ते मी पाठमोरी उभी राहून सांगते. हा हात अव्वाचा होता. दोन थापा, मग भाकरी फिरवताना बांगड्यांची किणकिण, मग परत दोन थापा. मी तिच्याच मांडीला मांडी लावून शिकलेय. धूर नाही, वास नाही, फटीतून बघितलं तर चूल थंडगार. पण आवाज मात्र अगदी घरचा. मला भीती वाटली नाही. मला अव्वाची फार आठवण आली आणि मी खाली बसले.

आप्पा हसत होते. डोळे मिटून, मान हलवत.

मग दर रविवारी आप्पांचं एकच टुमणं, वस्तीवर चल. मीही नेत होते, कारण तिथं ते बोलायचे. दाराकडं तोंड करून रानातलं सांगायचे, काढणी कशी अडलीय, येडूची म्हैस व्यायली, माझ्या, म्हणजे त्यांच्या सिद्धूच्या, गाडीचा क्लच गेला. आतून थाप चालू असायची. मी डबा उघडला की मात्र हातानं बाजूला सारायचे. मन रमत होतं आणि अंग खंगत होतं. एका रविवारी ओट्यावर चढताना त्यांचा तोल गेला, मी धरलं म्हणून वाचले. हाताला नुसती हाडं लागली.

मग माझा ताबा सुटला.

"आप्पा, तुमी जेवला न्हाई म्हणून ती थापतीया. एवढं तरी कळतंय का?"

"म्हाईत हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "पयल्या दिवशीच कळलं की."

"मग जेवा की!"

"जेवलो की ती जाईल, सिद्धू."

एवढंच म्हणाले. माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हणजे हा माणूस बायको जाऊ नये म्हणून उपाशी राहत होता, आणि आम्ही त्याला टॉनिकच्या बाटल्या पाजत होतो. मला त्यांना म्हणावंसं वाटलं, राहू दे मग, रोज येऊ. पण असं केलं असतं तर माझे आप्पा उन्हाळा काढणार नव्हते, हेही मला दिसत होतं. आई गेलीच होती. बाप मला हवा होता.

"आणि ती?" मी म्हटलं. "तुमच्या आधी ती कवा जेवली का? पौषापास्नं थापतीया. तिनं कवा जेवायचं?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं वळले.

"उपाशी हाय व्हय ती? इतकं दिस?"

"उपाशीच की."

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला बोलल्याचं वाईट वाटलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण जेवत नाही म्हणजे ती आपल्याजवळ राहते, एवढाच त्यांचा हिशोब होता.

"डबा काढ," ते म्हणाले.

मी भाकरी दिली, शेंगाची चटणी दिली, वर दही घातलं. पहिला घास त्यांना गिळता येईना. पाणी प्यायले, परत घास घेतला. रडत जेवत होते आणि जेवणं थांबवत नव्हते. आतला आवाज हळू होत गेला, एखादी बाई थापता थापता कान देऊन ऐकत असावी तसा. आप्पांनी ताट बोटानं पुसून घेतलं, ढेकर दिला आणि दाराला हात लावला.

"झालं माझं, आगं. पोट भरलं. आता तू बस. लई थापल्यास भाकरी."

थाप थांबली. बांगड्या एकदा वाजल्या, हात झटकल्यासारख्या. मग आत कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला, कडकन. आम्ही दोघं ऐकत होतो. ती सावकाश जेवली. अव्वा सावकाशच जेवायची. नंतर घरात काहीच नव्हतं, बाहेर नुसती ज्वारीची सळसळ.

पौषात आम्ही तिला माती दिली होती, पण माझी आई गेली ती त्या दुपारी. तोवर मी रडले नव्हते. केंद्र, डॉक्टर, शिवराज, आप्पांचं औषधपाणी, माझ्या मागं काही ना काही होतंच. ओट्यावर डोकं गुडघ्यात घालून मी लहान पोरीसारखी रडले.

थोड्या वेळानं डब्याचं झाकण वाजलं. आप्पांनी उरलेली भाकरी मोडली होती. चटणीत बुडवलेला घास त्यांनी माझ्या तोंडापुढं धरला.

"तू बी कुटं जेवलीस तवापास्नं? कडू घास ऱ्हायलाच की तुझा," आप्पा म्हणाले. "तुझ्या अव्वाचं झालं. खा आता."

मी तोंड उघडलं.