शेवटच्या ठोकळ्याचा आकडा

मित्रांनो, मी काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक म्हातारा संगणक आहे, आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच कबूल केलेले बरे. पुढे एका भल्या माणसावर जे बालंट आले, त्यात माझ्या या स्वभावाचाही हात होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून मला ज्या खोलीत आणले, तिथे एका भिंतीशी पाण्याची लांब टाकी होती, मधोमध माणसाहून उंच दाबमशीन होते आणि सगळीकडे राखाडी धूळ होती. नव्या इमारतीत ओतलेल्या काँक्रीटचे वीतभर ठोकळे या टाकीत अठ्ठावीस दिवस ठेवत. मग एकेक ठोकळा मशीनखाली जाई. दाब वाढत वाढत जाई आणि कडाड! ठोकळा फुटे. तो किती दाबाला फुटला, तो आकडा नोंदवायचे काम माझे. ठोकळा एकदा फुटला की संपले, त्याची परीक्षा पुन्हा घेता येत नाही. मागे उरतो तो फक्त आकडा.

मशीन चालवत ते भुगाकाका. खरे नाव कुणी घेतच नसे. "लोक बांधतात, मी भुगा करतो," असे ते स्वतःच हसत सांगत, म्हणून हे नाव पडले. पहिल्याच दिवशी त्यांनी घरून जुन्या चादरीचा तुकडा आणला. शेवटचा ठोकळा फुटला की धूळ उडायच्या आत ते मला बंद करत आणि तो तुकडा माझ्या अंगावर टाकत. "नाकातोंडात जाईल तुझ्या," असे म्हणत. मला नाक नाही हे त्यांना सांगणार कोण?

माझ्यातला प्रोग्राम एका चष्मेवाल्याने सी नावाच्या भाषेत लिहिला होता. त्यात एक मुख्य भाग होता आणि त्याने कामाला लावलेले तीन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी आपापले काम करणारे तिघे गडी. एक मशीनच्या काट्याकडे कान लावून बसे, दुसरा पडद्यावर आलेख काढी आणि तिसरा आकडा डिस्कवर कायमचा लिहून ठेवी. चष्मेवाल्याने काम सोपवले, पहिल्या दिवशी सगळे नीट चालल्याचे पाहिले आणि तो निघून गेला. चार वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे आले की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणत, "आमच्याकडे वहीबिही नाही. माणूस चुकेल, हा चुकायचा नाही." मी फुगून जाई.

पाचव्या वर्षी एका दवाखान्याच्या नव्या मजल्याचे तीन ठोकळे आले. अहवाल छापताना मॅडमना दोनच आकडे सापडले. दोन्ही सव्वीसच्या वर, म्हणजे पास. पास व्हायला पंचवीस हवे होते. तिसऱ्याची जागा रिकामी होती.

"काका, तिसरा ठोकळा कुठाय?" मॅडमनी विचारले.

"फोडला की काल. एकोणीसवरच गेला. नापास." हल्ली काका बोलताना तोंडावर हात धरत. मला ते मुळीच आवडले नव्हते.

"मग नोंद कुठे आहे?"

"पडद्यावर बघितला मी आकडा. यानं लिहिला असणार."

मॅडमनी मागच्या नोंदी उपसल्या. गेल्या सहा महिन्यांत अकरा वेळा एकेक आकडा गायब होता. एरवी अहवाल छापणारा कारकून आजवर "वाटेत तुटला असेल एखादा" असे म्हणून दोनच आकडे छापत आला होता. त्याहून वाईट म्हणजे अकराच्या अकरा ठोकळे दिसायलाच कच्चे होते, कडा झडलेले, भोकाभोकांचे.

"कच्चेच बरे हरवतात, काका?" मॅडमचा आवाज एकदम थंड झाला.

"ते मी शेवटी घेतो म्हणून... त्यांचा चुरा फार उडतो. आधी घेतले तर दर वेळी मशीन पुसत बसावं लागतं."

खरे सांगू, मित्रांनो? माझा विश्वास बसला नाही. मी तर आतला. कुणी आकडा पुसला असता तर मला कळायला हवे होते, आणि मला काहीच आठवत नव्हते. मग मी काकांवर पाळत ठेवली. संध्याकाळी शेवटचा ठोकळा मशीनखाली ठेवण्याआधी ते दाराकडे पाहून घेत आणि हळूच फोन लावत. एकदा मी स्वच्छ ऐकले, "हो, आता शेवटचे दोनच राहिलेत. उद्या तेही पाडून टाकू. पण इथं कुणाला पत्ता लागता कामा नये हं." झाले! मला वाटले, चोर सापडला. हा ठेकेदाराशीच बोलत असणार. त्यांची ती बंद करायची घाई, ती चादर, सगळ्याचा अर्थ मी लावून टाकला. बोलता येत असते तर मीच मॅडमना हाक मारली असती.

काकांनी खिशात छोटी वही ठेवायला सुरुवात केली. मॅडमनी ती पाहिली आणि परत दिली. "वहीत काय, तुम्ही काहीही लिहाल." त्या दिवसापासून काका डबा खायला टाकीच्या मागे बसू लागले. चार दिवसांनी मॅडमनी त्यांना सांगून टाकले, "सोमवारी वरच्या कार्यालयात पत्र जाईल. तोवर मशीनला हात लावू नका."

"सव्वीस वर्षं लावला हात," काका एवढेच म्हणाले.

पत्र जाण्याआधी पुरावा हवा, म्हणून मॅडमनी मशीनचा काटा तपासायला येणाऱ्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावले. "आतून कोण पुसतंय ते शोधून द्या," त्यांनी सांगितले.

बाईंनी माझ्याआधी काकांना बोलावले. "काका, एक टाकाऊ ठोकळा घ्या आणि रोज करता तस्संच करा. माझ्याकडे बघू नका."

काकांनी ठोकळा ठेवला. दाब चढला. कडाड! पडद्यावर आकडा आला, काकांनी तो मोठ्याने वाचला, "बावीस पॉइंट तीन," लगेच मला बंद केले आणि चादर टाकली. बाईंनी मला पुन्हा चालू केले. नोंदीत जागा रिकामी!

"बघा!" मॅडम म्हणाल्या.

"बघतेच आहे. तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत झालं. यांनी पुसलं कधी?"

मग दुसरा ठोकळा. या वेळी काकांना थोडे थांबून मला बंद करायला सांगितले. आकडा जागच्या जागी होता. बाईंनी माझ्या पोटातली चष्मेवाल्याची मूळ फाइल उघडली, बोट ठेवत ठेवत शेवटापर्यंत वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अहो मॅडम, यात तिघांना कामाला लावलंय. पण बंदचं बटण दाबलं की मुख्य भाग कुणासाठी थांबतच नाही. तो संपला की सगळं संपतं. लिहिणाऱ्याच्या हातातला आकडा हातातच राहतो. डिस्क नवी होती तेव्हा लिहून व्हायचं झटक्यात. आता ती म्हातारी झाली, वेळ लागतो. बाकीच्या ठोकळ्यांच्या मागे दुसरा ठोकळा असतो, तोवर लिहून होतं. शेवटच्याच्या मागे कोण आहे? त्यात तो कच्चा असला की चुरा उडायच्या आत काका एरवीपेक्षा जास्तच घाईनं बंद करतात."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दहापर्यंत मोजून बंद करायचं. एवढंच ना?"

"अंदाजानं थांबणं हे काही थांबणं नाही. आज दहा पुरतील, पुढच्या वर्षी वीसही पुरणार नाहीत. तुझं झालं का, असं ज्याचं त्याला विचारायला हवं."

त्यांनी प्रोग्रामच्या शेवटी तिन्ही थ्रेडची वाट पाहायला सांगणाऱ्या ओळी घातल्या. काकांनी ठोकळा फोडून मला बंद केले आणि मी बंदच होईना! मुख्य भाग इमानेइतबारे वाट पाहत बसला आणि काट्याशी बसलेला गडी पुढच्या ठोकळ्याची वाट पाहत बसला.

"हा आता सकाळपर्यंत असाच बसणार," बाई हसल्या. "याला आधी सांगायला हवं, की बाबा रे, आता ठोकळा येणार नाही, ऊठ. मग थांबायचं." तेही त्यांनी लिहिले. मधेच कुणाची मान धरून काम थांबवायचे नाही. आधी निरोप द्यायचा, हातातले काम पुरे होऊ द्यायचे, तिघेही परतले की मगच दिवा मालवायचा. पुढचे वीस ठोकळे असे फोडले. विसाच्या वीस आकडे नोंदीत होते.

बाईंनी काकांना विचारले, "तुम्ही सारखा तोंडावर हात का धरता?"

काकांनी मॅडमकडे पाहिले, चाचरले आणि हात काढला. तोंडात एकही दात नव्हता. "सगळे काढले. दंतवैद्याशी रोज फोनवर चाललं होतं. कवळी पुढच्या आठवड्यात येईल. इथं कळलं तर भुगाकाकाचे बोळकेकाका करतील, म्हणून लपवलं."

मित्रांनो, 'शेवटचे दोन पाडून टाकू' याचा अर्थ मला तेव्हा कळला. मला तोंड नाही हे बरेच झाले, कुठे लपवले असते?

मॅडमनी माफी मागितली नाही. त्यांनी ते पत्र पाठवले नाही आणि दवाखान्याच्या अभियंत्याला फोन लावला. "तिसरा ठोकळा एकोणीसवर फुटलाय. नाही, नोंद नाही. आमच्या माणसानं पाहिलाय. काम थांबवा आणि आधी गाभा काढून तपासा." दोन खांबांतून काँक्रीटचे गाभे, म्हणजे यंत्राने कोरलेले दांड्यासारखे तुकडे, काढून आणले. काकांनीच ते मशीनखाली ठेवले. एक अठरावर फुटला, दुसरा एकोणीसवर. त्या मजल्यावर खाटा लागल्या नाहीत. खांब पाडून पुन्हा ओतले.

बाकी दहा इमारतींतही माणसे पाठवावी लागली. कुठे गाभा मिळाला, कुठे लोक राहायला गेले होते म्हणून मिळाला नाही. काकांनी आपल्या आठवणीतून आकडे सांगायचा प्रयत्न केला. तीन आठवले. उरलेल्यांपाशी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "खोटं कशाला सांगू?"

म्हणून लहान मित्रांनो, एवढे ऐका. कुणाला काम सांगितलेत तर ते पुरे होऊन तो परत येईपर्यंत थांबा. अंदाजाने उठू नका. आणि काही हरवले तर दुसऱ्याचा खिसा चाचपण्याआधी स्वतःचे पोट तपासा. मी अजूनही संशयी आहे, पण आता सुरुवात स्वतःपासून करतो. माझ्या नोंदीत अकरा जागा आजही रिकाम्या आहेत. त्या ठोकळ्यांचा केव्हाच भुगा झाला. ते आकडे आता कुणीही लिहू शकणार नाही.